‘लोंढा’ आणि त्याची भावंडे
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या मराठी शिक्षकांसाठी शब्दपाठ)



मराठीच्या लेखी कामाची तपासणी करीत असता एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. मागील पावसाळ्यात चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत सहावीच्या निबंधवह्या चाळण्याचा योग आला. विषय नेहमीचाच, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. एका वहीत वाक्ये होती : खूप पाऊस आला. नाल्याला खूप पाणी आले. काठावर खूप लोक जमले. कपाशीचे खूप नुकसान झाले. शुद्धलेखन निर्दोष, अक्षर वळणदार. शिक्षकांनी चारही वाक्यांपुढे बरोबरची खूण केली होती आणि नियमाप्रमाणे ती योग्यच होती. तथापि त्या चार वाक्यांत चार निरनिराळ्या गोष्टी घडल्या होत्या आणि मुलीने त्या चारही गोष्टींना एकच अंगरखा घातला होता.

मी तिला उभे केले व नाल्याला पाणी कसे आले, एवढेच विचारले. ती प्रथम बावरली. मग म्हणाली की, आमच्या गावात पाऊस नव्हताच, ऊन होते. पाऊस वर डोंगरात पडला. आधी घों घों असा आवाज आला. मग पाणी गढूळ झाले, काड्या आणि पाचोळा वाहत आला आणि मग एकदम भिंतीसारखे पाणी आले. पलीकडे चरत असलेली शेजाऱ्यांची एक शेळी त्यात गेली. हे सर्व तिने हातवारे करीत, डोळे मोठे करून सांगितले. वहीत मात्र यातले काहीच नव्हते. वहीत होते ‘खूप पाणी’.

तिने वर्णिले त्या पाण्याला मराठीत नेमका शब्द आहे : लोंढा. प्रस्तुत पाठ या शब्दाचा व त्याच्या भावंडांचा आहे. समानार्थी शब्दांच्या यादीत आपण पूर, लोंढा, ओघ, लाट, वर्षाव, भडिमार, रीघ, झुंबड असे शब्द ओळीने लिहून देतो आणि मुले ते पाठ करतात. वस्तुतः यांतील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बिनदिक्कत बसत नाही. पुष्कळपणा सर्वांतच आहे. पण तो कोठून येतो, कसा येतो, किती वेळ टिकतो आणि जातो कसा, हे प्रत्येक शब्द आपापल्या परीने सांगतो. ‘खूप’ हा शब्द केवळ माप सांगतो. हे शब्द चाल सांगतात.

प्रथम पूर आणि लोंढा ही जोडी घ्यावी. ती शिकविण्यास आपल्या तालुक्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच असेल. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधल्या पट्टीत आपली गावे. तापी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते, बऱ्हाणपुरावरून खानदेशात येते, चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते आणि पुढे हतनूरच्या धरणाला तिचे पाणी अडते. धरणाला ४१ दरवाजे आहेत. त्यांतले किती उघडले याच्या बातम्या पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी ऐकतात. मग तापीचे पाणी चढू लागते. घाटाची एक पायरी बुडते, मग दुसरी. माणसे काठावर उभी राहून पायऱ्या मोजतात, गुरे वर नेतात, पंप काढून आणतात. हा पूर. संस्कृतातील ‘पूर’ या शब्दाच्या मुळाशी भरण्याचा अर्थ आहे. ‘पूर्ण’ हा त्याचाच सगासोयरा. म्हणून पूर भरतो, चढतो आणि मग ओसरतो.

लोंढा भरत नाही, तो धावतो. त्याला डोके असते. ज्या नाल्यातून सकाळी पोर चप्पल हातात घेऊन आले, त्याच नाल्यात दुपारी डोंगराकडून पाणी एकदम अंगावर येते. पायऱ्या मोजण्यास अवधी मिळत नाही. आणि क्रियापदांकडे नीट लक्ष द्यावे : ‘पूर ओसरला’ असे आपण सहज म्हणतो, ‘लोंढा ओसरला’ असे बोलताना जीभ अडखळते. लोंढा येतो आणि निघून जातो. शब्दाचा स्वभाव कळण्यास कोशापेक्षा त्याचे क्रियापद पाहणे पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते, असा माझा अनुभव आहे.

हा भेद आपल्या तालुक्यापुरता नाही. सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली आणि कोल्हापूर येथे कृष्णा व पंचगंगा चढल्या, तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे सांगलीकर दिवसचे दिवस ऐकत होते. तो पूर होता. किंबहुना महापूर होता. याच्या उलट, १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे बांधकाम चालू असलेले धरण फुटले, त्या पाण्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. लोक आजही ‘पानशेतचा पूर’ असेच म्हणतात आणि रूढ झालेले नाव आपण बदलू नये. पण आले ते लोंढ्याच्या चालीने. आणि २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या वेळी पाणी नदीतून तर आलेच, पण आभाळातूनच इतके आले की त्याला जाण्यास वाट उरली नाही. आपल्याकडे वर्षभरातही सहसा इतका पाऊस पडत नाही. हा आकडा मुलांकडून सेंटिमीटरमध्ये व मग फुटांमध्ये करून घ्यावा. तीन फुटांहून थोडे अधिक असे उत्तर आले म्हणजे त्यांनी आपल्या कमरेला हात लावून पाहावा. भाषेच्या तासाला गणित आले म्हणून बिघडत नाही.

येथे एक विषयांतर. वर्तमानपत्रांत ‘धरणातून इतका विसर्ग’ असे आपण वाचतो. सातवीतील एका मुलाने मला विचारले होते की, साहेब, विसर्ग तर अक्षरापुढे दोन टिंबे देऊन दाखवितात, तो धरणातून कसा येतो? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विसर्ग म्हणजे सोडणे. ‘दुःख’ म्हणताना आपण श्वास सोडतो, धरणाचे दरवाजे उघडून पाणी सोडतात. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आणि अर्थही एकच. मुलाला तो शब्द त्यानंतर पाठ करावा लागला नाही.

पूर व लोंढा यांतील भेद केवळ भाषेच्या सौंदर्याचा नाही, हे पायथ्याच्या शाळांतील शिक्षकांना सांगावयास नको. ‘नाल्याला पूर आहे’ एवढे ऐकलेले मूल काठावर थांबून पाणी उतरण्याची वाट पाहील. पण पाणी नसलेल्या, वाळू पसरलेल्या नाल्यातही लोंढा येऊ शकतो, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. डोंगरावर काळे ढग असतील, वरून घोंघावणारा आवाज येत असेल, स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होऊन काड्या-पाचोळा आणू लागले असेल, तर पात्रात क्षणभरही थांबू नये. दप्तर, चप्पल, जनावर यांचा मोह न धरता वर यावे. गुडघ्याएवढे वेगाचे पाणीदेखील मोठ्या माणसाचा तोल घालवते. त्या मुलीने आवाज, गढूळपणा आणि पाचोळा ही तिन्ही लक्षणे बरोबर सांगितली होती. ती निबंधात उतरली असती, तर तो निबंध वर्गातील इतर बत्तीस मुलांच्या कामी आला असता. ‘खूप पाणी’ कोणाच्याच कामी येत नाही.

आता माणसांकडे वळू. माणसे पुष्कळ जमली की मुले ‘गर्दी’ लिहितात. तो शब्द चांगला आहे, पण तो उभा आहे. त्यात हालचाल नाही. आषाढी एकादशीला विठ्ठलमंदिरात सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक माणूस येत राहतो, तेव्हा रीघ लागते. रिघेत शिस्त आहे, सातत्य आहे, कोणी कोणाला ढकलीत नाही. दिवाळीच्या सुटीत चोपड्याच्या बसस्थानकावर शिरपूरची गाडी लागते आणि दाराशी पिशव्या, मुले, कोपरे यांचा एकच गोंधळ होतो, तेव्हा झुंबड उडते. रीघ लागते, झुंबड उडते : क्रियापदे पुन्हा पाहावीत. ‘झुंबड लागली’ असेही ऐकू येते व त्याला चूक म्हणता येणार नाही; पण ‘रीघ उडाली’ असे कोणी म्हणत नाही. देणग्या, पत्रे, पाहुणे अखंडपणे येत राहिले तर ओघ. ओघ वाहतो, तुटतो, आटतो. तो अंगावर येत नाही.

आणि माणसांचा लोंढा? येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या भेटीनंतर मी अहवालात लिहिले : ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांचा लोंढा आल्याने वर्गव्यवस्था विस्कळीत झाली आहे.’ वाक्य मला त्या वेळी झोकदार वाटले होते. पुढील भेटीत मुख्याध्यापिकाबाईंनी ती प्रत माझ्यापुढे ठेवली आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “साहेब, मुले अकरा आहेत. अकरा लेकरांचा लोंढा कसा हो झाला?”

मी हजेरीपत्रक मागविले. खरोखर अकरा. दरवर्षी गळीत हंगामाला ती येत, हंगाम संपताच जात. म्हणजे येणे अचानक नव्हते. कॅलेंडरात पाहून सांगता आले असते. ती आंधळेपणाने वाहत आलेली नव्हती. आईबापांच्या पोटापाण्याच्या वाटेने आलेली होती. त्यांनी काही वाहून नेले नव्हते. शाळेची व्यवस्था विस्कळीत झाली असेल तर ती आम्ही आधी तयारी न केल्यामुळे. लोंढा या शब्दाने तो दोष माझ्यावरून उचलून त्या अकरा मुलांवर ठेवला होता. त्यांतील एक मुलगा, सातवीच्या वयाचा, पण कोणत्याही इयत्तेत सलग सहा महिने न बसलेला, मराठी अडखळत वाचीत होता. मी लिहिलेला शब्द त्याने वाचला असता तर त्याला तो नक्की समजला असता, कारण त्याचे घर डोंगरातील नाल्याकाठचेच होते.

मी अहवालात दुरुस्ती केली : ‘स्थलांतरित कुटुंबांतील अकरा विद्यार्थी नोव्हेंबरात दाखल झाले असून त्यांच्यासाठी स्वतंत्र नियोजन आवश्यक आहे.’ वाक्य बेचव आहे, पण त्यावरून काम करता येते. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे अशा बालकाला त्याच्या वयास अनुरूप वर्गात प्रवेश द्यावयाचा असतो व मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष शिक्षणही द्यावयाचे असते. हे काम मुलांची संख्या आणि नावे घेऊन होते. वर्तमानपत्रांत ‘परप्रांतीयांचे लोंढे’, ‘निर्वासितांचे लोंढे’ असे शब्द येतात. मुलांना ते कात्रण जरूर दाखवावे. ते चूक आहे असे आपण आधी सांगू नये. फक्त विचारावे : हे शब्द लिहिणारा माणूस काठावर उभा आहे की पाण्यात? वर्ग पुष्कळ वेळ बोलत राहतो, असा अनुभव येईल.

वरून येणाऱ्या पुष्कळपणाचे शब्द निराळे. वर्षाव हा मूळचा पावसाचा शब्द; फुलांचा होतो, शुभेच्छांचा होतो, कौतुकाचा होतो; क्वचित् बाणांचा आणि शिव्यांचाही होतो. पण भडिमार मात्र कोणाला सुखाचा वाटत नाही. तेथे मारा आहे, कोणी तरी नेम धरलेला आहे. ‘बक्षिसांचा भडिमार’ असे एका मुलाने लिहिले होते. बिचाऱ्या विजेत्याची दया आली. प्रश्नांचा भडिमार होतो आणि प्रश्नांची सरबत्तीही होते. सरबत्ती म्हणजे बंदुकांच्या एकामागून एक झडणाऱ्या फैरी, हे सांगितले की मुलांना तो शब्द फार आवडतो, आणि मग आठवडाभर ती तो नको तेथेही वापरतात. वापरू द्यावा.

माझा स्वतःचा आवडता शब्द पेव हा आहे. ‘खाजगी शिकवण्यांचे पेव फुटले’ असे आपण म्हणतो. पण पेव म्हणजे काय, हे विचारता वर्गात हात वर होत नाहीत, आणि शिक्षकांपैकीही काही खिडकीबाहेर पाहू लागतात. पूर्वी ज्वारीसारखे धान्य साठविण्यासाठी जमिनीत खोल कोठार खणीत. तोंड अरुंद, पोट मोठे, आत गवत-पेंढा लावून वरून मातीने लिंपलेले. ते पेव. ते उघडल्यावर आत लगेच उतरत नसत, कारण कोंडलेल्या वायूने माणूस गुदमरतो. वरून काही दिसत नाही, आत मात्र खंडोगणती साठा. तो एकदा बाहेर पडू लागला की पडतच राहतो. म्हणून जी गोष्ट आतून साचत होती आणि एकाएकी जिकडेतिकडे दिसू लागली, तिचे पेव फुटते. शब्दात किंचित् नाराजी आहे, हेही सांगावे. ‘आमच्या गावात ग्रंथालयांचे पेव फुटले’ असे आनंदाने म्हणता येत नाही. आता धान्य गोणीत किंवा पत्र्याच्या कोठीत असते. गावात एखाद्या वृद्धास पेव ठाऊक असेल, तर त्यांना वर्गात बोलवावे. फळ्यावरील आकृतीपेक्षा त्यांचे दहा मिनिटांचे बोलणे अधिक पोचेल.

ऊत हा स्वयंपाकघरातला. दुधाला येतो, अफवांनाही येतो. खाली जाळ असतो म्हणून वर ऊत येतो. विस्तव ओढला की तो बसतो. अफवांना ऊत आला असे लिहिणाऱ्या मुलाला विचारावे की, जाळ कोणी लावला. लाट येते, ओसरते आणि पुन्हा येते. म्हणूनच २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीला लोकांनी पहिली लाट, दुसरी लाट म्हटले. पूर म्हटले असते तर तो परत येईल हे शब्दात आले नसते. धाड म्हणजे लुटारूंचा हल्ला, त्यावरून टोळधाड. मे २०२० मध्ये टोळांचे थवे विदर्भात अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत उतरले, तेव्हा जुन्या माणसांच्या तोंडचा हा शब्द नव्या मुलांनी बातम्यांत ऐकला. उधाण हे समुद्राचे, आणि खानदेशातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. ‘आनंदाला उधाण आले’ हे वाक्य त्यांच्या वह्यांत पाठ्यपुस्तकातून येते आणि तसेच कोरडे राहते. तो शब्द वर्ज्य करावा असे माझे म्हणणे नाही. पण ज्या मुलाने तापी पाहिली आहे त्याला आधी तापीचे शब्द द्यावेत, समुद्र मागाहून येईल.

यावरून घरच्या बोलीचा विषय निघतो, आणि त्यावर मी थोडे आग्रहाने लिहीत आहे. आपल्या मुलांपैकी कोणी अहिराणी बोलते, कोणी लेवा वळणाची बोली, कोणी गुजर घरातील, तर डोंगरपट्टीतील मुले पावरी बोलतात. अहिराणीतला ‘गंज’ घ्या. ‘नालाले गंज पानी उनं’ असे मूल म्हणते. आपण त्यावर तांबडी शाई फिरवून ‘नाल्याला खूप पाणी आले’ असे करतो. यात मूल काय शिकले? जोरकस शब्द देऊन फिका शब्द घेतला, एवढेच. प्रमाण मराठी शिकविणे हे आपले काम आहे, यात शंका नाही; पण ‘गंज’च्या मोबदल्यात निदान ‘लोंढा’ तरी द्यावा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या रचना त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राला शेतातल्या आणि घरातल्या खानदेशी शब्दांची ताकद दिसली. ते शब्द ज्या मातीत आहेत त्याच मातीत आपले वर्ग भरतात.

पावरी बोलणाऱ्या मुलांना विचारावे की, डोंगरातून अचानक येणाऱ्या पाण्याला तुमच्या घरी काय म्हणतात. पाण्याशी ज्यांचे इतके जवळचे नाते आहे त्यांच्याकडे शब्द असणारच, आणि कदाचित् एकाहून अधिक असतील. तो शब्द मुलानेच उच्चारावा, शिक्षकांनी ऐकून देवनागरीत फळ्यावर लिहावा आणि त्याच्या शेजारी ‘लोंढा’ लिहावे. उच्चार चुकला तर मूल आपल्याला सुधारील. ज्या मुलाने वर्षभर केवळ चुका ऐकल्या आहेत, त्याला एकदा गुरुजींची चूक सुधारण्यास मिळणे हे फार मोठे असते.

पाठ घेण्याच्या पद्धतीविषयी थोडक्यात. समानार्थी शब्दांची यादी प्रथम देऊ नये. आधी प्रसंग बोलून घ्यावेत : तुम्ही पाहिलेले पाणी, बाजाराचा दिवस, लग्नाची पंगत, केळीचा बाग आडवा करणारे वादळ. मूल बोलत असता ‘खूप’ आले की शिक्षकांनी फक्त ‘कसे?’ असे विचारावे. कोठून आले, एकदम की हळूहळू, वरून की बाजूने, गेले कसे, असे उपप्रश्न पुरतात. उत्तरात चाल स्पष्ट झाली की मगच शब्द द्यावा व लगोलग त्याचे क्रियापद द्यावे. एका तासात तीन शब्दांहून अधिक घेऊ नयेत. मी आठ घेऊन पाहिले आहेत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा ‘खूप’च उरले. मोठ्या वर्गासाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ केंद्रशाळेत मिळाल्यास पाहावा, पण कोश उघडण्याचे काम मुलांकडे द्यावे.

सरावासाठी काही वाक्ये देत आहे. यांत ‘खूप’ काढून योग्य शब्द, त्याच्या क्रियापदासह, मुलांनी घालावा; एकाहून अधिक उत्तरे बरोबर असू शकतील, मात्र मुलाला कारण सांगता आले पाहिजे. ‘निकाल लागताच मुख्याध्यापकांना खूप दूरध्वनी आले.’ ‘वादळानंतर बागेत केळीची खूप पाने पडली होती.’ ‘गावात पाण्याच्या बाटल्यांची खूप दुकाने झाली.’ ‘जत्रेत पाळण्यापाशी खूप मुले होती.’ ‘डोंगरात पाऊस झाला आणि नाल्यात खूप पाणी आले.’ दुसऱ्या वाक्याला खच आणि सडा ही दोन्ही उत्तरे येतील. सडा प्राजक्ताला शोभतो, मोडलेल्या बागेला खच, हे ज्यांच्या घरी केळी आहे ती मुले आपण होऊन सांगतील.

मुलांकडून मिळालेले बोलीतील शब्द, ते कोणत्या प्रसंगी वापरतात या माहितीसह, प्रत्येक शाळेने एका वहीत उतरून पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत आणावेत. सांगणाऱ्या मुलाची इयत्ता शब्दासमोर लिहावी. आरंभी ज्या मुलीचा उल्लेख केला, तिची वही मी त्या दिवशी परत मागितली तेव्हा तिने शेवटचे वाक्य खोडून खाली नवीन लिहिले होते : ‘नाल्यात लोंढा आला, शेळी गेली, आम्ही वर पळालो.’